बादशाह मास्तरांसाठी हळू झालेली बोट

गेल्या उन्हाळ्यात बारामतीत एक बातमी कानोकानी फिरत होती. गुलशन ब्रास बँडच्या बादशाह मास्तरांनी म्हणे अमेरिकेकडच्या समुद्रात, भल्यामोठ्या बोटीवर क्लॅरिनेट वाजवलं आणि ते ऐकायला कप्तानानं बोट हळू केली. भिगवण चौकातल्या चहाच्या गाड्यावरून बातमी निघाली तेव्हा एवढीच होती. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटेपर्यंत कप्तान खाली येऊन नाचला. सोमेश्वरनगरला पोचेस्तोवर गोऱ्या बायकांनी मास्तरांवरून नोटा ओवाळल्या. आणि इंदापुरात एका लग्नघरी तर छातीठोकपणे सांगितलं गेलं, की बोट हळू नव्हे, पार उभीच केली होती, अन् मागच्या बोटी खोळंबून भोंगे वाजवत होत्या. सांगणाऱ्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला होता तो अलिबागचा, तोही शाळेच्या सहलीत. पण त्याचा आवाज असा खणखणीत, की मध्ये बोलायची कुणाची छाती झाली नाही.

आता हे मास्तर कोण, ते आधी ऐका.

बादशाह मास्तरांचे वडीलही बँडवालेच. मिसरूड फुटायच्या आधी पोराच्या अंगात लाल कोट चढला आणि हातात क्लॅरिनेट आलं, ते आलंच. पुढं बारामतीपासून इंदापुरापर्यंत, मधल्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर, लग्न म्हटलं की आधी मास्तरांना विचारायचं आणि मग भटजींना, असा काळ आला. लोणी भापकरच्या एका बागाईतदारानं मास्तर मोकळे नाहीत म्हणून धाकट्या पोराचं लग्न पुढच्या मुहूर्तावर ढकललं. नवरीच्या मामांनी तेव्हा जो अबोला धरला, तो त्या नवरीला दोन पोरं झाली तरी सुटलेला नाही.

मास्तरांना स्वतःचं कौतुक नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. मिशी रंगवायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात त्यांच्या पत्नी करिमाबी सगळ्या घराचा स्वयंपाक उरकून मोकळ्या होत. बँडच्या पुढं ते चालायचे तेही रस्त्याकडं पाठ करून, उलट्या पावलांनी, म्हणजे तोंड सगळ्यांना दिसावं. एकदा निमगावात असेच उलटे चालत थेट उसाच्या ट्रॉलीला धडकले. सूर मात्र सुटला नाही, असं ते सांगतात. बरोबरचे लोक वेगळं सांगतात.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो आणि तिथून मांडवाकडं येतो, तो परण्या. त्या परण्यातली खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात असते. मांडवाच्या झालरी दिसायला लागल्या की नाचणाऱ्या पोरांच्या अंगात येतं. कुणी पाऊल पुढं टाकायला तयार नाही. घोडा वैतागतो, नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर येतो, भटजी माईकवरून हाका मारून दमतात. बँडवाल्याला मात्र थांबता येत नाही. नवरदेवाचा पाय जमिनीला लागेपर्यंत वाजवत राहायचं. मास्तरांचं निम्मं आयुष्य त्या मांडवासमोरच्या चार पावलांत, वैशाखाच्या उन्हात, लोकरी कोटात गेलं.

मग त्यांचे पुढचे दात गेले.

क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. दात गेले, कवळी आली. कवळीवर टेकवलं की कवळी हलायची, आणि सुराऐवजी सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा आवाज यायचा. त्यात दमही पूर्वीसारखा टिकेना. घरी कुणी नसताना मास्तरांनी पुष्कळ दिवस खटपट केली. मग एके दिवशी वाद्य पेटीत ठेवलं आणि मोईनला, म्हणजे पोराला, बोलावून घेतलं.

इथं बँडातली एक गोम सांगायला हवी. लाल कोटातले सगळेच वाजवत नसतात. पार्टी मोठी दिसावी म्हणून काही माणसं नुसती उभी करतात. कोट अंगाला बसला की झालं. ट्रम्पेट तोंडाला लावायचं, गाल फुगवायचे, बोटं हलवायची, पण फुंकायचं नाही. एमआयडीसीतली पाळी संपवून मोटारसायकलवर येणारी पोरं मास्तरांनी या कामाला कितीदा घेतली होती. दर वेळी ते दम द्यायचे, "फुंकशील तर कोट काढून घीन. नुसतं गाल फुगव." आता मास्तर स्वतःच त्यातले झाले. मोईन बँडच्या ट्रॉलीवरच्या कॅसिओ कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज लावून गाणं वाजवी, ते कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू जाई, आणि पुढं मास्तर उलटे चालत गाल फुगवत. दोन लगीनसराया अशा गेल्या. कुणाला पत्ता लागला नाही. उलट इंदापूरच्या एका मामलेदारानं पाठ थोपटली, "मास्तर, वयाबरोबर हात काय बसलाय तुमचा!"

मास्तर हसले आणि घरी येऊन न जेवता झोपले.

अशात मुलगी फरहीननं फ्लोरिडाहून घाट घातला. सगळ्यांनी मिळून कॅरिबियन समुद्रात आठवडाभर बोटीनं हिंडायचं. बारामतीत लग्नाचे मुहूर्त चालू होते, म्हणून मोईन मागं राहिला आणि मास्तर नि करिमाबी निघाले.

जावई हारिस माणूस गुणाचा, पण सुट्टीसुद्धा कारखान्याच्या पाळीसारखी लावणारा. सकाळी नाश्ता, मग उतरा, मग बसमध्ये बसा, मग धबधबा बघा, मग परत चढा, मग कपडे बदला, मग जेवा, मग जादूचे खेळ. जमैकात धबधब्याखाली उभं केल्यावर करिमाबी नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "पान्यात भिजायला एवढं लांब आलो व्हय?" मास्तरांचे पाय सुजले होते. सगळी हयात चालण्यात गेलेल्या माणसाला आता बसावंसं वाटत होतं, आणि बसायला कुणी देत नव्हतं.

खोली आवरणारा पोरगा रोज टॉवेलाचा एक प्राणी करून पलंगावर ठेवी. पहिल्या दिवशी हत्ती. करिमाबींनी तो उलगडून टॉवेलाची नीट चौकोनी घडी घातली. पोराला वाटलं, हत्ती पसंत पडला नाही. दुसऱ्या दिवशी ससा केला. पुन्हा घडी. मग माकड, मग कासव, आणि शुक्रवारी तर बिचाऱ्यानं मोर केला. "लई रिकामटेकडं हाय ओ हे पोरगं," करिमाबी मोराची घडी घालत म्हणाल्या.

त्या बोटीच्या लिफ्टमध्ये रोज नवा गालिचा, आणि त्यावर वाराचं नाव. शनिवार पायाखाली आला तेव्हा सगळी बोटच दमलेली दिसत होती. आता कुठलं बेट यायचं नव्हतं. रविवारी सकाळी मायामीला उतरायचं. उन्हानं भाजलेली माणसं चपला ओढत हिंडत होती, कालपर्यंत नाचणारे आज कॉफीचा पेला धरून नुसतेच समुद्राकडं बघत होते. मास्तरांना वाटलं, चला, एक दिवस तरी बसायला मिळणार.

तेवढ्यात नात झोया धावत आली. वय नऊ, बोलणं निम्मं इंग्रजी आणि निम्मं नानीचं.

"नाना, सरप्राइज! आज दुपारी प्रवाशांचा कार्यक्रम हाय. गाणं, नाच, ज्याला जे येतं ते. मी तुमचं नाव दिलंय!"

"माझं? कशात?"

"क्लॅरिनेट! नानीनं गुपचूप आणलंय बॅगेत."

मास्तरांच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. फरहीन हसत होती, हारिस मोबाइल सरसावत होता. "अब्बा, इथल्या लोकांना कळू दे तुम्ही कोण ते," तो म्हणाला. मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं.

पहिला विचार मनात आला तो धंद्यातल्या माणसाचाच. बोटीवर बँड आहे, रोज संध्याकाळी वाजवतो. तो मागं असेल. आपण पुढं उभं राहायचं आणि गाल फुगवायचे. दोन लगीनसराया निभावल्या, तिथं एक दुपार निभायला काय जातंय! पण हारिस त्यांना कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या मुलीकडं घेऊन गेला, तेव्हा ती हसून म्हणाली, बँड नाही, एकट्यानंच वाजवायचं, माईक मोठा आहे, काळजी नको. हवं तर फोनवरचं संगीत मागं लावू.

फोनवरचं संगीत म्हटल्यावर मास्तर थबकले. बाजूला जाऊन त्यांनी मोईनला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती, मागं ढोल जुळवल्याचा आवाज येत होता.

"मोईन, सोमेश्वरनगरच्या लग्नातलं माझं ते जुनं वाजवलेलं हाय का रं तुझ्याकडं?"

"हाय की. कशाला?"

"पाठव."

"आं? अब्बा, तितं कोन उभं करतंय तुमाला?"

"तुझी भाची."

मोईन आधी मोठ्यानं हसला. मग ढोलापासून बाजूला आला. "अब्बा, तितं ट्रॉली न्हाय, ढोल न्हाय, धुरळा न्हाय. एकटंच उभं राहायचं, अन् पोरगी पुढ्यात बसनार. जमंल का?"

"पाठव म्हनलं ना."

गाणं आलं. मास्तर खोलीत आले तेव्हा करिमाबी बॅगा भरत होत्या. संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या, प्रत्येकीला रंगीत चिठ्ठी बांधून. पलंगावर क्लॅरिनेटची काळी पेटी तेवढी बाहेर काढलेली होती.

"ही कुनी घातली बॅगेत?"

"मी. फरहीननं फोनवर सांगितलं, मी घातली."

"मला सांगायचं तरी! आता काय वाजवू मी हितं?"

"तेच तर म्हन्ते, काय वाजवनार?" करिमाबींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मास्तर खाली बसले. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! लगीन होऊन आले तवापास्नं तुमची ती पत्ती माझ्या बशीत भिजत पडायची." क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधायची वेताची पत्ती, वाजवण्याआधी ती भिजवावी लागते. "पाव्हनं आलं तरी बशी मोकळी घावायची न्हाय. दोन वर्सं झाली, बशी कोरडी हाय. मला काय कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली न्हाइस?"

"तुमी बोलला?"

बाहेर कुणीतरी चाकाची बॅग ओढत नेत होतं. मास्तरांनी पेटीकडं बोट केलं.

"अन् तरी माझ्या बोकांडी ही पेटी आनलीस?"

"व्हय, आनली. हितं आपल्याला कुत्रंसुदिक वळखत न्हाय. म्हनलं, जे काय व्हायचं ते हितंच हू द्या. तितं चौकात झालं तर चार मान्सं फिदीफिदी हसतील." त्यांनी बॅगेची चेन ओढली, ती मध्येच अडकली, त्या ओढतच राहिल्या. "वाजवून दमून आला की मला काय वाटत नव्हतं. पाय चेपून द्यायचे, झालं. पर न वाजवता दमून येता, ते मला बघवंना."

मास्तर उठले. चेनीत अडकलेला झोयाचा मोजा सोडवला, चेन लावून दिली. पेटी उचलली आणि गेले.

कार्यक्रमाचा दिवाणखाना म्हणजे आपल्याकडचं एखादं मंगल कार्यालयच, फक्त खुर्च्या मऊ. माणसं पेंगुळलेली बसली होती. एका आजोबांनी गाणं म्हटलं. एका बाईनं पत्त्यांची जादू केली, ती चुकली, तरी टाळ्या पडल्या. मास्तर कडेला उभे होते. अंगात हारिसचा निळा कोट, बाह्या बोटांवर आलेल्या. खिशात फोन, फोनमध्ये त्यांचंच जुनं वाजवणं. ते गाणं लावायचं आणि त्याच्यापुढं उभं राहायचं, एवढंच काम. त्यांना येत होतं. त्यांच्याइतकं नुसतं उभं राहायला त्या बोटीवर दुसऱ्या कुणाला आलं नसतं.

नाव पुकारलं. उच्चाराची पार वाट लावली, पण झोया टुणकन उभी राहिली म्हणून कळलं. मास्तर स्टेजवर गेले. पहिल्याच रांगेत झोया, हनुवटी दोन्ही मुठींवर टेकवून, डोळे त्यांच्या बोटांवर. शेजारी करिमाबी पदर खांद्यावर ओढून, समोर न बघता पायांकडं बघत. कार्यक्रमवाल्या मुलीनं फोनसाठी हात पुढं केला.

मास्तरांनी सवयीनं क्लॅरिनेट ओठांशी नेलं. सवयीनं गाल फुगले. हारिसनं त्याच क्षणी फोटो काढला.

मग त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. फोन खिशातच राहू दिला. माईकसमोर वाकून, परण्यात भटजींना सांगावं तसं, मराठीतच म्हणाले, "मला आता येत न्हाय. दात गेले. दोन वर्सं नुस्ता उभा राहातोय. लई दमलोय. माफ करा."

घरची माणसं सोडली तर तिथल्या एकालाही एक अक्षर कळलं नाही. पण म्हातारा माणूस वाकून काही अदबीनं बोलला एवढं दिसलं, त्यामुळं टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच मिळाल्या. फरहीननं तोंडावर हात ठेवला होता. हारिस मोबाइल धरून तसाच उभा.

झोया मात्र तावातावानं आली. "नाना, वाजवलं का नाही?"

"येत न्हाय आता, बाळा."

"मग तिकडं लग्नात काय करता?"

"गाल फुगवतो."

ती विचारात पडली. "सगळ्यांना फसवता?"

"व्हय."

"दात दाखवा."

मास्तरांनी इकडंतिकडं बघून कवळी काढून दाखवली. झोयानं ती नीट निरखली आणि म्हणाली, "छान आहे," आणि आइस्क्रीम आणायला पळाली. कुणी रागावलं नाही, कुणी समजूत घातली नाही. मास्तरांना तेही बरंच वाटलं. समजूत घालून घ्यायलाही अंगात जोर लागतो.

मग ते वरच्या डेकवर गेले. एक लांब खुर्ची मोकळी होती. करिमाबींनी त्यांच्या पायांखाली टॉवेल ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. जरा वेळानं कप्तानाचा आवाज कर्ण्यातून आला. काय म्हणाला ते दोघांनाही कळलं नाही. इंजिनाची घरघर उतरत गेली, मागं पाण्याचा फेस बारीक झाला.

"उतरायचं आलं वाटतं," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"उद्या. पडा तुमी."

इकडं बारामतीत काय घडलं तेही सांगायला हवं. हारिसनं काढलेला फोटो फरहीननं घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अब्बा स्टेजवर'. मोईनला पुढचं काही माहीत नव्हतं. त्यानं ते सोमेश्वरनगरचं जुनं गाणं फोटोमागं जोडलं आणि बँडच्या स्टेटसला लावलं. फरहीननं संध्याकाळी आणखी एक ओळ पाठवली होती, बोट हळू झालीय, अब्बा निवांत आहेत; मोईननं तीही स्टेटसला टाकली. दोन्ही गोष्टी लोकांनी एकाला एक लावल्या.

मास्तर परतले ते या बातमीच्या पायघड्यांवरूनच. घरी उतरल्या दिवशीच त्यांनी मोईनला सांगितलं, "माझा कोट आता दुसऱ्या कुनाला दे." एमआयडीसीतल्या विशालला तो बसला. आणि जो भेटेल त्याला मास्तर खरं सांगायला लागले. पण ऐकतो कोण! जितकं ते नाही म्हणत, तितकं लोक म्हणत, बघा, माणसाला जरा गर्व नाही.

इंदापूरहून जोतीराम आबा आले. पोराचं, सौरभचं लग्न.

"परन्याला तुमीच पायजे, मास्तर."

"आबा, मी वाजवत न्हाय आता. मोईन येईल."

"व्हय का? गोऱ्यांम्होरं वाजवता अन् आमच्यात न्हाय? मोठं झाला की!"

"तितंबी न्हाय वाजवलं."

"असू द्या, असू द्या. कप्तानानं बोट हळू केली, ती काय उगंच?"

मास्तरांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला. त्यांनी तोंडात हात घालून कवळी काढली आणि आबांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवली. आबांनी कवळीकडं पाहिलं, मास्तरांच्या बसक्या तोंडाकडं पाहिलं, आणि कप खाली ठेवला.

"बरं, मोईनलाच पाठवा मग," ते म्हणाले आणि उठले. जाता जाता कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर थांबून त्यांनी सांगितलं, की कप्तानानं दिलेलं मेडल मास्तरांनी स्वतः काढून दाखवलं.

खरं आहे ते एवढंच. मायामीचं बंदर जवळ आलं होतं आणि ठरल्या वेळेआधी तिथं बोट आत घेत नाहीत, म्हणून कप्तानानं वेग कमी केला होता. बादशाह मास्तरांनी त्या बोटीवर क्लॅरिनेट वाजवलं नाही. बोट हळू झाली तेव्हा ते खुर्चीत डोळे मिटून पडले होते.